वेरूळचं चोवीस चित्रांचं पुस्तक आणि मामाचा एक शब्द

परवा एकदाचं ते पुस्तक बघायला मिळालं. किती महिने मागे लागले होते, अर्ज केला, ओळखपत्र दिलं, दोनदा जाऊन परत आले, आणि मग एका दुपारी लायब्ररीतल्या काकांनी ते टेबलावर आणून ठेवलं. १८०३ साली लंडनमध्ये निघालेलं, आपल्या वेरूळच्या लेण्यांच्या चित्रांचं पुस्तक. जेम्स वेल्सने जागेवर बसून काढलेली चित्रं, आणि ती इंग्रज चित्रकार थॉमस डॅनियलने स्वतः आणि आपल्या देखरेखीखाली तांब्याच्या पत्र्यांवर उतरवून छापून घेतलेली. चोवीस चित्रं, बस्स. मांडीवर घेऊन वाचायचं पुस्तक नाहीच ते, पान उलटायचं तर एका बाजूने काका आणि दुसऱ्या बाजूने मी असं दोघांनी धरून उलटायचं, आणि उलटताना त्या जाड कागदाचा जो आवाज येतो ना, तो अजून कानात आहे.

माझं आजोळ कन्नडचं, त्यामुळे वेरूळ म्हणजे लहानपणापासून घरचंच. श्रावणात घृष्णेश्वर, मग लेणी, मग डबा. म्हणून असेल, पण कैलासाचं चित्र समोर आलं तेव्हा मी बराच वेळ काही बोललेच नाही.

आधी वेल्सबद्दल सांगते. हा स्कॉटलंडमधल्या पीटरहेडचा, पोर्ट्रेट काढणारा माणूस, १७९१ मध्ये मुंबईला आला आणि तिथून पुण्याला. पुण्यात संगमावर इंग्रजांचा वकील चार्ल्स मॅलेट राहायचा, त्याच्या ओळखीने थेट पेशव्यांच्या दरबारात. सवाई माधवराव आणि नाना फडणवीस शेजारी शेजारी बसलेत ते प्रसिद्ध चित्र वेल्सचंच, आता लंडनला रॉयल एशियाटिक सोसायटीत आहे. पण पुढे ह्या माणसाला लेण्यांनी इतकं ओढलं की वेरूळ, घारापुरी, कान्हेरी, हेच सुरू झालं. १७९३ मध्ये थॉमस डॅनियल आणि त्याचा पुतण्या विल्यम अख्खा हिंदुस्थान फिरून मुंबईत आले तेव्हा त्यांची वेल्सशी गाठ पडली. आणि १७९५ मध्ये कान्हेरीचं काम चालू असतानाच वेल्स वारला, ठाण्यात. त्याच वर्षी सवाई माधवरावही गेले. मी ठाण्यातच राहते, रोज स्टेशनला जाते त्या गावात हा माणूस गेला हे मला ह्या पुस्तकाच्या नादात कळलं. पुस्तक निघायला त्यानंतर आठ वर्षं लागली, त्याने ते बघितलंच नाही.

त्याची मुलगी सुसाना, तिचं पुढे १७९९ मध्ये मॅलेटशी लग्न झालं.

आता छपाई. काकांनी भिंग दिलं आणि म्हणाले, "सावली बघा, ताई." कैलासाच्या अंगणातली ती काळीशार सावली भिंगातून बघितली तर ती सलग रंग नाहीच, बारीक बारीक दाण्यांची जाळी आहे, जात्याखाली सांडलेल्या पिठासारखी. ह्याला अ‍ॅक्वाटिंट म्हणतात. तांब्याच्या पत्र्यावर राळेची पूड उडवायची, गरम करून ती चिकटवायची आणि पत्रा आम्लात टाकायचा, आम्ल दाण्यांच्या मधल्या मधल्या जागा खातं. जिथे फिकट हवं तिथे रोगण लावून झाकायचं, परत आम्लात, परत झाकायचं, जितका वेळ आम्लात तितकी सावली गडद. चित्राच्या कडेने बोट फिरवायला परवानगी नव्हती पण पत्रा दाबल्याची खोलगट चौकट नुसत्या डोळ्यांनीही दिसते.

आणि तांबं म्हटलं की मला गंगाराम तांबट आठवतो, आठवलाच पाहिजे. मॅलेटने शनिवारवाड्यात चित्रकलेची शाळा काढवली होती, तिथला हा आपला माणूस, वेल्सच्या हाताखाली काम केलेला. पेशव्यांच्या शिकारखान्यातला गेंडा त्याने १७९० मध्ये काढलाय, वेल्स यायच्याही आधी. मॅलेटसाठी त्याने वेरूळची चित्रं काढली. ती आज अमेरिकेत येल विद्यापीठाच्या संग्रहात आहेत आणि पुस्तकाच्या पहिल्या पानावर नावं फक्त दोन, वेल्स आणि डॅनियल. मला ह्याचं खरंच वाईट वाटतं. गंगारामवर मराठीत एखादं चांगलं, मोठ्या आकाराचं, रंगीत पुस्तक निघायला हवं, आणि ते पुण्यातून निघायला हवं.

पण ज्यासाठी लिहायला बसले ते वेगळंच आहे. फोटो काढायचे नव्हते, पेनही चालत नाही, म्हणून पेन्सिलीने वहीत चित्रांखालची नावं उतरवून घेतली. इंद्रसभा, दशावतार, तीन ताल. डुमर लेणं, म्हणजे 'लेणं' हा आपला शब्द तसाच्या तसा इंग्रजी अक्षरांत. एका चित्राचं नाव 'रावणाची राख'. हे काय म्हणून मी अडले, मग लक्षात आलं की हे रावण की खाई असणार, आजचं चौदा नंबरचं लेणं, सांगणारा 'खाई' म्हणाला आणि ऐकणाऱ्याने 'राख' ऐकलं असा माझा अंदाज. आणि एक नाव 'जुनवस्सा' असं काहीतरी, ते मात्र काही केल्या लागेना.

घरी येताना गाडीतून मामाला फोन लावला आणि वाचून दाखवलं. तो लगेच म्हणाला, "अगं जानवसा! वऱ्हाड उतरवतात तो. तुझ्या आईच्या लग्नात आपल्या गल्लीतल्या शाळेत होता."

जानवसा! लग्नाचं वऱ्हाड उतरायची जागा. म्हणजे दोनशेहून जास्त वर्षांपूर्वी वेरूळच्या कुणीतरी त्या साहेबाला बोट दाखवून सांगितलंय की हा देवाच्या लग्नातला जानवसा, आणि त्याने ऐकू आलं तसं लिहून घेतलंय. त्या सांगणाऱ्याचं नाव कुठे नाही पण त्याचा उच्चार तिथे छापलेला आहे. आज आपण लेणं नंबर दहा, लेणं नंबर सोळा म्हणतो, तिकिटाच्या खिडकीपासून गाइडपर्यंत सगळे नंबरच. मला नंबर नकोसे झालेत. मामाकडून अजून नावं काढली, सुताराची झोपडी, तेल्याची घाणी, सीतेची न्हाणी, तो सांगत गेला आणि मी ट्रेनमध्ये उभ्या उभ्या वहीत लिहीत गेले, मुलुंड कधी गेलं कळलं नाही.

'डुमर' म्हणजे काय ते मात्र त्यालाही येईना. वेरूळात त्याच्या ओळखीचे एक म्हातारे गुरव आहेत, त्यांना विचारतो म्हणाला. दिवाळीत आम्ही दोघं जाणार आहोत, ऑनलाइन स्कॅन मिळालेत त्यांचे प्रिंट काढून ठेवलेत, वेल्स नेमका कुठे बसला असेल ती एकेक जागा शोधायची आहे.