हिशेब कोणाला द्यायचा?

'स्ट्युअर्डशिप' हा शब्द हल्ली कंपन्यांच्या वार्षिक अहवालांत, पर्यावरणविषयक जाहीरनाम्यांत आणि रुग्णालयांच्या धोरणांत इतका सढळ हाताने वापरला जातो, की 'जबाबदारीने सांभाळणे' एवढाच गुळमुळीत अर्थ त्याला उरला आहे. मुळात तो इतका मवाळ नव्हता. मालमत्ता कोणाची, ती सांभाळतो कोण आणि हिशेब तपासतो कोण, या तिन्ही प्रश्नांची उत्तरे त्यात गृहीत धरलेली असत.

जुन्या इंग्रजीत 'स्टिग' म्हणजे घर किंवा घरातले मोठे दालन आणि 'वेअर्ड' म्हणजे राखणदार; या दोहोंतून 'स्ट्युअर्ड', म्हणजे कारभारी, हा शब्द बनला. या 'स्टिग'चा संबंध डुकरांच्या खोपट्याशी जोडणारी व्युत्पत्ती लोकप्रिय असली, तरी अभ्यासक ती सहसा मान्य करत नाहीत. मला अधिक रंजक वाटते ती 'लॉर्ड', म्हणजे धनी, या शब्दाची घडण. तो 'ह्लाफवेअर्ड', म्हणजे पावाचा राखणदार, यावरून आला आहे. म्हणजे मालक आणि कारभारी या दोघांच्याही नावात एकच राखणदार दडलेला आहे.

या कारभाऱ्याचे काम प्रत्यक्षात कसे चाले, हे तेराव्या शतकात इंग्लंडमध्ये तिथल्या फ्रेंच भाषेत लिहिलेल्या 'सेनेशॉसी' या छोट्या ग्रंथातून चांगले कळते. त्यानुसार कारभाऱ्याने वर्षातून दोन-तीन वेळा धन्याच्या सर्व गावांची फेरी करावी, खंड आणि येणी किती याची चौकशी करावी, शेतजमीन मोजून घ्यावी आणि एकरी किती बियाणे लागते हे स्वतः जाणून असावे. एवढा अधिकार हाती असूनही, धन्याच्या खास परवानगीशिवाय एखाद्या भूदासाला विकण्याचा किंवा मुक्त करण्याचा हक्क त्याला नव्हता. प्रत्येक गावचा हिशेब तपासला जाताना आपण दिलेल्या हुकमांबद्दल त्यालाही इतरांसारखेच उत्तर द्यावे लागे. मोठी सत्ता, पण उसनी. त्या शब्दाचा खरा गाभा मला इथे दिसतो.

उसनी सत्ता काही वेळा अंगवळणीही पडते. स्कॉटलंडच्या राजाचे कारभारीपद एका घराण्यात वंशपरंपरेने चालत राहिले, पदाचे नाव आडनाव झाले, आणि 1371 मध्ये त्याच घराण्यातला रॉबर्ट, ज्याची आई राजकन्या होती, स्वतःच राजा झाला. स्टुअर्ट राजवंश तो हाच. (याउलट, इंग्लंडमधल्या चिल्टर्न हंड्रेड्स या जुन्या प्रशासकीय विभागांचे कारभारीपद आज केवळ नावाला उरले आहे. ब्रिटिश खासदाराला थेट राजीनामा देता येत नाही, म्हणून सभागृह सोडण्यासाठी त्याला हे किंवा असेच दुसरे बिनकामाचे सरकारी पद घ्यावे लागते.)

शब्दाला नैतिक वजन आले ते मात्र बायबलमुळे. ग्रीक मूळ पाठातल्या 'ओइकोनोमोस', म्हणजे घराचा व्यवस्थापक, या शब्दासाठी इंग्रजी भाषांतरकारांनी 'स्ट्युअर्ड' वापरला. लूकच्या शुभवर्तमानातल्या दृष्टान्तात उधळपट्टीचा आरोप झालेल्या कारभाऱ्याला धनी हिशेब मागतो, तेव्हा तो घाईघाईने ऋणकोंना बोलावून शंभर मापे तेलाच्या जागी पन्नास आणि शंभर मापे गव्हाच्या जागी ऐंशी लिहायला लावतो. आणि धनी चक्क त्याच्या चतुराईची तारीफ करतो. या कथेचा अर्थ लावताना भाष्यकारांची आजही दमछाक होते. तरीही, माणसाकडे जे आहे ते देवाचे असून त्याचा जाब एक दिवस द्यायचा आहे, हा विचार ख्रिस्ती परंपरेत या शब्दाभोवती पक्का झाला.

विसाव्या शतकात पर्यावरणाच्या चर्चेत हा शब्द रुळला, तेव्हा देवाच्या जागी बहुधा पुढच्या पिढ्या आल्या. अडचण अशी, की न जन्मलेला मालक वही मागायला येऊ शकत नाही. जंगलांच्या जबाबदार व्यवस्थापनासाठी 1993 मध्ये स्थापन झालेल्या फॉरेस्ट स्ट्युअर्डशिप कौन्सिल या संस्थेने ही उणीव त्रयस्थ तपासनीसांकडून भरून काढण्याचा मार्ग धरला, आणि तो मला प्रामाणिक वाटतो. गुंतवणूकदार संस्थांसाठी ब्रिटनने 2010 मध्ये आणलेल्या स्ट्युअर्डशिप संहितेत मालक सापडतो, कारण पैसा निवृत्तिवेतनधारकांचा आणि बचत करणाऱ्यांचा असतो. पण तो इतक्या मध्यस्थांच्या पलीकडे बसलेला असतो, की जाब विचारण्याइतकी माहिती त्याच्यापर्यंत क्वचितच पोचते.

जुना अर्थ मला सर्वांत शाबूत दिसतो तो प्रतिजैविकांच्या वापराबाबत. औषधाच्या प्रत्येक अनावश्यक मात्रेने जिवाणूंच्या प्रतिकाराला वाव मिळतो आणि त्याची किंमत दुसराच कोणी रुग्ण मोजतो. म्हणून 'अँटिबायोटिक स्ट्युअर्डशिप'ची योजना राबवणाऱ्या रुग्णालयांत उपचार सुरू झाल्यावर साधारण 48 ते 72 तासांनी औषधतज्ज्ञ किंवा संसर्गरोगतज्ज्ञ रुग्णाचे कागद उघडतात, कल्चरचा, म्हणजे नमुन्यातले जिवाणू वाढवून केलेल्या तपासणीचा, अहवाल पाहतात आणि हे औषध अजून का चालू आहे, असे डॉक्टरांना विचारतात. कित्येक डॉक्टरांना ही ढवळाढवळ वाटते, आणि तेही साहजिकच आहे, कारण आपल्या हुकमाचा जाब देणे 'सेनेशॉसी'च्या काळातल्या कारभाऱ्यालाही काही सुखाचे वाटले नसणार.