एक पिक्सेल, एक गुंठा : आमची वाटचाल

उपग्रहाच्या चित्रांवर धंदा करतो म्हटलं की लोक आधी भांडवल विचारतात. आमचं भांडवल म्हणजे कर्वेनगरात भाड्याची एक खोली, दोन संगणक आणि चुलतभावाची मोटारसायकल. चित्रं फुकट होती. अमेरिकेने 2008 साली आपल्या लँडसॅट उपग्रहांच्या चित्रांचा सगळा साठा खुला केला, त्यामुळे 1972पासूनची चित्रं कोणालाही घरबसल्या मिळायला लागली. पण लँडसॅटचा ठिपका, म्हणजे पिक्सेल, 30 मीटरचा, एका ठिपक्यात जवळपास नऊ गुंठे. वाटण्या होऊन वीस-पंचवीस गुंठ्यांवर आलेल्या आपल्या शेतांना तो काय कामाचा? 2015मध्ये युरोपचा सेंटिनेल-2 उपग्रह वर गेला. त्याचा ठिपका 10 मीटरचा, म्हणजे 100 चौरस मीटर. आणि गुंठा असतो 101 चौरस मीटरचा! मी भूगोलात एम.एस्सी. केलेली, भाऊ जमीनमोजणीच्या कामातला. हा हिशेब जुळला त्या आठवड्यात आम्ही फर्मची नोंदणी करून टाकली.

पहिलं काम आलं उसाचं. कारखान्याचा चिटबॉय बांधावर जाऊन उसाची नोंद घेतो; नोंद फुगली की गाळपाचं सगळं गणित कोलमडतं. कारखान्याला हवं होतं, कोणत्या गटात खरोखर किती ऊस उभा आहे. हिरवं पान लाल प्रकाश शोषून घेतं आणि डोळ्यांना न दिसणारा अवरक्त प्रकाश परतवतं. या दोन्हींमधली तफावत म्हणजे हिरवाईचा आकडा, एनडीव्हीआय. एका दिवसाच्या चित्रात ऊस काय नि केळी काय, सारखीच हिरवी. पण वर्षभराचा आलेख काढला की तोड झालेलं शेत एकदम खाली आपटतं. खोडवा, म्हणजे तोडलेल्या बुडख्यातून पुन्हा फुटलेला ऊस असेल, तर लगेच वर चढायला लागतो, नवी लावण असेल तर रान बराच काळ उघडं दिसतं.

आलेख बरोबर आहे की नाही हे बघायला बांधावर जावंच लागतं. इंदापूर तालुक्यात एका म्हाताऱ्या शेतकऱ्याने टॅबवरचं आपलं रान नीट न्याहाळलं आणि म्हणाले, “ताई, तुमच्या चित्रात खोडवा लिहिलंय, पण हा निडवा आहे. मागच्याच्या मागच्या सालची लावण.” निडवा म्हणजे खोडव्यानंतर पुन्हा राखलेला ऊस. त्यांचं बरोबर होतं. तेव्हापासून आम्ही मागची तीन वर्षं जोडूनच आलेख काढतो.

पैशांबद्दल काय सांगू. पहिल्या हंगामाचं बिल पुढच्या गाळपापर्यंत अडकलं. नाव घेत नाही, पण साखरधंद्यात काम करणाऱ्यांना नवल वाटणार नाही.

खरी अडचण पावसाळा. आडसाली लावण जुलै-ऑगस्टातली, आणि नेमकं तेव्हा आपल्यावर ढगांचं झाकण. सेंटिनेल-2ची जोडी दर पाच दिवसांनी येते खरी, पण फोटो येतो कापसाचा. म्हणून आम्ही सेंटिनेल-1कडे वळलो. तो रडारवाला, ढगातून आरपार बघतो. शिकायला मात्र जड. त्यात डिसेंबर 2021मध्ये त्याच्या जोडीतला एक उपग्रह बिघडला तो कायमचाच, आणि पुढच्या कामांच्या तारखा मागे ढकलाव्या लागल्या.

रडार शिकल्याचा फायदा झाला उजनी धरणात. उजनीची क्षमता 117 टीएमसी (अब्ज घनफूट), त्यातला अर्ध्याहून जास्त मृतसाठा, म्हणजे दारांच्या पातळीखालचं पाणी. म्हणून तर उन्हाळ्यात पेपरात ‘उजनी वजा’ असं छापून येतं. एका संस्थेला जलपर्णी किती पसरली ते हवं होतं. शांत पाण्यावर पडलेली रडारची लहर आरशासारखी पलीकडे निघून जाते, म्हणून पाणी काळं दिसतं. जलपर्णीवरून ती उलटून येते, म्हणून तिथं उजळ. गोंधळ व्हायचा तो काठावर. पाणी ओसरलं की उघड्या पडलेल्या जमिनीत लोक गाळपेर करतात, आणि ते पीकही हिरवं, उजळ. दोन्ही वेगळं काढायची युक्ती भावाला सुचली. जलपर्णी वाऱ्याबरोबर सरकते, पीक सरकत नाही. लागोपाठची दोन-तीन चित्रं एकावर एक ठेवली, जे हललं ते जलपर्णी. काठाला अडकून बसलेली मात्र या युक्तीलाही दाद देत नाही, तिथं होडीच. माझ्या मते आमचं आजवरचं सगळ्यात चांगलं काम हेच, जरी पैसे उसाने जास्त दिले.

30 जुलै 2025ला श्रीहरिकोट्याहून निसार हा रडार उपग्रह गेला, इस्रो आणि नासाचा मिळून. त्याची एल-बँडची लहर सुमारे 24 सेंटीमीटरची, सेंटिनेल-1ची साडेपाचच्या आसपास. लांब लहर पानांच्या दाटीतून आतवर शिरते, म्हणजे वाढलेल्या उसात टनेजचा अंदाज सुधारावा. भाऊ सध्या त्याच्याच मागे लागलाय. मी येत्या हंगामाची कोटेशनं काढतेय, आणि त्यात या वेळी निम्मी रक्कम आगाऊ, असं ठळक अक्षरांत टाकलंय.