चपाती लाल, कोलंबी हिरवी

गेल्या वर्षी जूनमध्ये पाऊस सुरू झाला आणि माझ्या अंगावर गांधी उठायला लागल्या. रात्री साडेदहा अकराला दंडावर, मग पोटावर, मग पाठीवर, सकाळी उठून बघावं तर काही नाही. आईंनी (सासूबाई) पहिल्याच रात्री निकाल देऊन टाकला, पित्त आहे, आमसुलाचं पाणी लाव. लावलं. गार वाटतं हे खरं, पण गांधी काही आमसुलाला भीक घालत नव्हत्या. दोन आठवडे गेले, ऑफिसमध्ये बाही खाली ओढून बसायचे, आणि जो भेटेल तो विचारायचा, काय खाल्लंस?

हा प्रश्न डोक्यात इतका बसला की एक दिवस दादर-परळच्या मधे लोकल अडकलेली असताना मोबाईलवर जाहिरात आली, एका सॅम्पलमध्ये दोनशेच्या वर पदार्थांची टेस्ट, घरी येऊन रक्त नेणार, आणि मी तिथेच उभ्या उभ्या साडेसात हजार भरले. सकाळी सातला मुलगा आला रक्त न्यायला, उपाशीपोटी राहा म्हणाला होता, ते का तर पॅकेजमध्ये शुगर आणि कोलेस्टेरॉल फुकट होतं म्हणून, ॲलर्जीच्या टेस्टला उपाशी राहायची काही गरज नसते हे मला फार नंतर कळलं.

रिपोर्ट नऊ पानी, गुळगुळीत कागदावर, सिग्नलसारखे तीन रंग. लाल रंगात गहू, गाईचं दूध, शेंगदाणे, तूरडाळ, अंड्याचं पांढरं. म्हणजे आमच्या स्वयंपाकघराची यादीच छापली होती म्हणा ना. कोलंबी मात्र हिरव्यात!

पुढचे पाच आठवडे मी ज्वारीची भाकरी, मुगाचं वरण आणि काळा चहा यावर काढले. आषाढी एकादशीला साबुदाण्याची खिचडी कुटाशिवाय केली, ती कोणीच खाल्ली नाही, मीसुद्धा. आई म्हणाल्या, अगं तूरडाळ आजन्म खातेयस, आता अचानक काय झालं तिला? मला राग आला होता तेव्हा. पण प्रश्न बरोबर होता. आणि वजन अडीच किलो उतरलं तरी गांधी रोज रात्री हजर.

शेवटी ॲलर्जीच्या डॉक्टरांकडे गेले. फाईल पुढे केली तर त्यांनी ती उघडलीच नाही, बाजूला ठेवली आणि वीस मिनिटं नुसते प्रश्न. खाल्ल्यावर किती वेळाने उठतात? तोच पदार्थ खाल्ला की दर वेळी उठतात का? ओठ सुजतात का, उलटी, खोकला, चक्कर? एक गांध किती तास टिकते? मला एकाही प्रश्नाचं उत्तर 'अमुक खाल्लं की' असं देता येईना. मग म्हणाल्या, खऱ्या अन्नाच्या ॲलर्जीत बहुतेक वेळा काही मिनिटांत, फार तर दोन तासांत त्रास होतो, आणि तो पदार्थ पुन्हा खाल्ला की पुन्हा होतो. तुमचं तसं दिसत नाहीये.

मग ती फाईल उघडली. त्यात मोजलेलं होतं आयजीजी, म्हणजे रक्तातली एक अँटीबॉडी (बाहेरच्या गोष्टींविरुद्ध शरीर बनवतं ते प्रथिन). ॲलर्जीत खरी भानगड करते ती आयजीई, वेगळी अँटीबॉडी. आयजीजी शरीर नेहमीच्या खाण्याविरुद्ध सहज बनवतं, म्हणजे ती दिसली तर एवढंच कळतं की बाई हा पदार्थ खाते. गहू लाल का? कारण रोज चार चपात्या. कोलंबी हिरवी का? कारण महिन्यातून एकदा. युरोपातल्या ॲलर्जी तज्ज्ञांच्या संघटनेने २००८ मध्येच सांगून ठेवलंय की अन्नाच्या ॲलर्जीचं निदान करायला ही टेस्ट वापरू नका, नंतर अमेरिका आणि कॅनडातल्या संघटनांनीही तेच सांगितलं. साडेसात हजारात मी काय खाते ते मला सांगितलं होतं, ते तर आमच्या वाण्यालाही तोंडपाठ आहे.

तरी माझं समाधान होईना, म्हटलं काहीतरी खरी टेस्ट कराच. हातावर थेंब टाकून टोचतात ती स्किन टेस्ट करता आली नाही, कारण त्याच्या आधी काही दिवस ॲलर्जीच्या गोळ्या बंद ठेवाव्या लागतात आणि मला एक दिवस गोळी चुकली तरी झोप नाही. रक्ताच्या टेस्टला गोळ्या आड येत नाहीत. म्हणून मग आयजीईची रक्ताची टेस्ट, पण दोनशे नाही, दोनच, कोलंबी आणि माइट, म्हणजे घरातल्या धुळीतला डोळ्यांना न दिसणारा किडा, तेही कोलंबी मीच हट्टाने लिहायला लावली. लॅबमध्ये कोलंबीची प्रथिनं आधीच एका गोष्टीला चिकटवून ठेवलेली असतात, त्यावर आपलं सिरम, म्हणजे रक्तातला पातळ भाग, घालतात, कोलंबीची आयजीई असेल तर ती तिथे अडकते, बाकीचं धुऊन टाकतात आणि अडकलेली मोजतात. आकडा ०.३५ च्या वर गेला की पॉझिटिव्ह धरायची जुनी पद्धत, आता मशीन ०.१० पर्यंतही मोजतात.

माझी कोलंबी ०.८, माइट १४. म्हणजे झालं की, कोलंबी बंद? डॉक्टर हसल्या. कोलंबी, झुरळ आणि माइट या तिघांच्या स्नायूंत ट्रोपोमायोसिन नावाचं एकसारखं प्रथिन असतं, माइटविरुद्ध बनलेली आयजीई कधीकधी कोलंबीलाही जाऊन चिकटते. मुंबईच्या दमट हवेत, गाद्यांत, माइटची चंगळ असते. तुम्ही कोलंबी खाता, काही होत नाही, तर हा आकडा कागदावर राहू द्या. आणि गांधी? सहा आठवड्यांच्या वर रोज उठणाऱ्या गांधींना बहुतेकदा खाण्यातलं कारण सापडतच नाही म्हणे. रोजची गोळी, थोडा धीर. मला हे ऐकून जरा अपमान झाल्यासारखंच वाटलं, एवढं उपाशी राहून कारण नाही म्हणजे काय.

आकडा नुसता खोटा असतो असं मात्र समजू नका. माझ्या बहिणीचा मुलगा, पाच वर्षांचा, त्याने दिवाळीत काजूकतलीचा एक तुकडा खाल्ला आणि दहा मिनिटांत ओठ सुजले, उलटी झाली, श्वासाला घरघर. तिथे प्रश्न आधीच ठरलेला होता. काजूची आयजीई केली, चांगलीच वर आली, सोबत पिस्ताही, कारण ती दोन्ही एकाच कुळातली झाडं. पण रिॲक्शन किती जोरात येईल ते या आकड्यावरून कळत नाही, ॲलर्जी असण्याची शक्यता तेवढी कळते, म्हणून ताई आता मिठाईचा डबा आला की आधी स्वतः बघते, आणि अशा वेळी लागणारं अड्रेनालिनचं इंजेक्शन मांडीच्या बाहेरच्या बाजूला कसं टोचायचं ते मलासुद्धा शिकून घ्यायला लावलंय. जिथे शंका उरते तिथे डॉक्टर हॉस्पिटलात समोर बसवून थोडं थोडं खायला घालून बघतात, शेवटचा शब्द त्या टेस्टचाच. हे घरी करायचं नाही हं.

मजा म्हणजे या सगळ्याची सुरुवात मासळीवरूनच झालेली आहे. १९२१ मध्ये प्राउस्निट्झ नावाच्या डॉक्टरने मासे न चालणाऱ्या आपल्या सहकाऱ्याचं, क्युस्टनरचं, सिरम स्वतःच्या कातडीत टोचून घेतलं, दुसऱ्या दिवशी तिथेच माशाचा अर्क टोचला आणि मस्त गांध उठली. रक्तात काहीतरी आहे हे तेव्हाच कळलं, पण ते काहीतरी म्हणजे आयजीई हे सापडायला १९६६-६७ उजाडलं.

गणपती उठले, श्रावणापासूनचा उपास सुटला, मी सिटीलाइटच्या मासळी बाजारात जाऊन अर्धा किलो कोलंबी आणली. गांधी अजून अधूनमधून येतात, पण गोळी आता एक दिवसाआड आहे. कोलंबी सोलायला पेपर सापडेना तर आईंनी तो नऊ पानी रिपोर्ट पसरला, पण कागद गुळगुळीत, पाणी शोषेना, सगळं ओट्यावरून खाली. शेवटी शेजारच्यांकडून कालचा पेपर मागून आणला.