तुम्ही विचारलंत म्हणून: स्क्वेअर फुटाला काय पडेल?

मी घरांचे नकाशे काढतो. लग्नाच्या पंगतीत, बँकेत, रात्री साडेनऊला फोनवर, प्रश्न एकच: "साहेब, घर बांधायला स्क्वेअर फुटाला काय पडेल?" प्लॉट कुठला, माती कसली, वर मजला चढवायचा आहे का, हे मी विचारलं की समोरचा वैतागतो. तुम्हा लोकांना सरळ उत्तर देताच येत नाही, म्हणतो. ठेकेदार मात्र जागेवर आकडा सांगतो. मग ठेका त्याला जातो आणि नकाशा हा परवानगीच्या फाइलला जोडायचा कागद होतो.

आकडा मीही सांगेन. तो कशाला गुणायचा ते आधी ठरवा. समजा, घराचं बांधीव क्षेत्र १२०० फूट आहे. एकाचा दर १९०० रुपये, दुसऱ्याचा २१००. पहिला स्वस्त वाटतो. पण तो पोर्चचे १२०, बाल्कनीचे ६०, छज्जांचे ५० आणि जिन्यावरच्या स्लॅबचे ५० फूटही त्याच दराने मोजतो. १४८० गुणिले १९०० म्हणजे २८ लाख १२ हजार. दुसरा तेच सगळं धरून १२०० फुटांचेच पैसे घेतो, ते होतात २५ लाख २० हजार. स्वस्त दर २ लाख ९२ हजारांनी महाग पडला, आणि यात लबाडी कुणाचीच नाही. मोजायचं कसं, हे कुणी लिहूनच घेतलं नव्हतं.

कंपाउंड, पाण्याची जमिनीतली टाकी, सेप्टिक टँक, गेट, सामान ठेवायचे माळे, किचनचा ओटा, बोअरची मोटर, मीटरपासून घरापर्यंतची केबल. यातलं काय दरात आहे आणि काय नाही, तेही कागदावर हवं. सगळ्यांत महागडं वाक्य म्हणजे "पाया धरून". किती फूट पाया? काळ्या जमिनीत मुरूम चार फुटांवर लागतो, नाहीतर आठवर. ठेकेदाराने मनात पाच धरलेले असतात. म्हणून ठेक्याआधी प्लॉटच्या समोरासमोरच्या दोन कोपऱ्यांत जेसीबीने खड्डे घ्या, कडक मुरूम किती खोल लागला त्याचे टेप लावून फोटो काढा आणि ते स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवा. फुटिंग, म्हणजे कॉलमखालचा पाया, त्यावरून ठरतं. शेजाऱ्याच्या पायावरून ठरवू नका. आणि निघालेली काळी माती जोत्यात परत भरू देऊ नका. पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आक्रसते, दोन-तीन वर्षांत फरशी पोकळ वाजायला लागते.

मोजणीचंही तेच. सातबारावर दोन गुंठे आहेत म्हणजे जागेवर २१७८ फूट मिळतीलच असं नाही. भूमी अभिलेखकडून मोजणी करून 'क' प्रत, म्हणजे मोजणीचा नकाशा, हातात घ्या, हद्दीच्या खुणा पक्क्या करा, मग नकाशा काढायला बसा. सामासिक अंतरं, म्हणजे घराभोवती सोडायची मोकळी जागा, हद्दीपासून मोजतात, तारेच्या कुंपणापासून नाही.

तुम्ही आणता तो नकाशा बहुतेक वेळा चौकोनांचा असतो: हॉल, किचन, दोन बेडरूम, राहिलेल्या जागेत जिना. जिना उरलेल्या जागेत कधीच मावत नाही. मजल्याची उंची १० फूट धरली, तर १२० इंच चढायचं आहे. १८ पायऱ्या केल्या तर एकेक पायरी साडेसहा इंचांहून जरा उंच, म्हणजे म्हाताऱ्या माणसालाही चालते. नऊ-नऊचे दोन टप्पे, प्रत्येकात पाय ठेवायचे दहा इंची आठ पावठे (नववं पाऊल लँडिंगवर किंवा मजल्यावर पडतं), म्हणजे ६ फूट ८ इंच. त्याला ३ फुटांचं लँडिंग जोडा. रुंदी दोन्ही बाजू आणि मधली फट मिळून साडेसहा फूट. म्हणजे आतून साडेसहा बाय जवळजवळ दहा, शिवाय चढायला-उतरायला पुढे मोकळी जागा. नकाशात असतात सहा बाय आठ. मग पायरी आठ इंच उंच होते, वळणावर तिरक्या पायऱ्या येतात, आणि लोखंडी कपाट वर न्यायच्या दिवशी सगळ्यांना शोध लागतो. त्यात "जिन्याखाली संडास काढू" हे असतंच. लँडिंग पाच फुटांवर येतं, त्यातून स्लॅबची जाडी वजा करा, खाली साडेचार फूट. उभं कोण राहणार? जमीन खाली घ्यावी, तर ड्रेनेजची पातळी चुकते.

आता एक घर सांगतो. वरच्या मजल्याचा स्लॅब ओतून झाला होता. ईशान्येच्या कोपऱ्यात टॉयलेट होतं, तिथे स्लॅब नऊ इंच खाली सोडून सन्क केला होता, पाइप बाहेरच्या भिंतीवरून उतरणार होते. ठेका स्क्वेअर फुटावर, मंजुरीच्या नकाशावरून दिलेला. सेंट्रिंग निघालं आणि पाहुण्यांच्या ओळखीचे वास्तुतज्ज्ञ आले. ईशान्येला संडास चालणार नाही, म्हणाले. वास्तूवर मी वाद घालत नाही. पाळायची असेल तर जरूर पाळा, पण त्या गृहस्थांना खडू हातात घ्यायच्या दिवशी बोलवा, स्लॅब ओतल्यावर नको.

टॉयलेट दोन बेडरूमच्या मध्ये सरकवायचं ठरलं, बाहेरच्या भिंतीपासून १४ फूट आत. तिथला स्लॅब सपाट. कमोडच्या चार इंची पाइपला ४० ला १ असा उतार धरला, तर १४ फुटांत सव्वाचार इंच जातात. पाइपचा स्वतःचा व्यास तेवढाच. वर ट्रॅप (वास अडवणारं पाइपचं वळण), मसाला, टाइल. हिशेब फुटाच्या आसपास गेला, म्हणजे टॉयलेटची जमीन फूटभर उचलायची. दाराचं लिंटेल, म्हणजे चौकटीवरची पट्टी, सात फुटांवर, आत सहा फूट उरतात. घरात गुडघे दुखणाऱ्या आजी. ते नको झालं. मग पाइप स्लॅबखालून न्यायचा ठरला. खाली नेमकं देवघर, आणि वाटेत नऊ बाय अठराचा बीम.

इथपर्यंत निदान बोलणी चालू होती. पुढचं एका रविवारी झालं. इंजिनिअरला न विचारता प्लंबरने कोअर कटर लावला आणि बीमला आरपार भोक पाडलं, कॉलमपासून दीड फुटावर. बीममध्ये कातरबल, म्हणजे बीम कापू पाहणारा जोर, सर्वांत जास्त असतं ते आधाराजवळ, आणि ते पेलायला सळईच्या रिंगा तिथेच जवळजवळ बांधतात. त्यातल्या दोन कापल्या गेल्या. प्लंबरला बोल लावून उपयोग नाही. त्याच्या हातात ड्रॉइंगच नव्हतं, घरमालकाने बोटाने जागा दाखवली होती. मग बीमखाली टेकू लागले, भोकाभोवतीचं काँक्रीट खरवडून रिंगा पुन्हा जोडल्या, न आकसणारं ग्राउट (पातळ सिमेंटी मसाला) भरलं, त्या भागाला बाहेरून वेढणारं जॅकेट घातलं. काम कितीतरी दिवस अडकलं आणि एक्स्ट्राचं बिल झालं. ठेकेदाराने ते लावलं, आणि त्याचं बरोबर होतं. ठेक्यात टॉयलेट एकदाच होतं.

शेवटी टॉयलेट पश्चिमेच्या बाहेरच्या भिंतीला गेलं. पी-ट्रॅपचा कमोड घेतला, त्याचा पाइप जमिनीवरून सरळ भिंतीबाहेर जातो, त्यामुळे फक्त न्हाणीचं पाणी उतरणाऱ्या ट्रॅपपुरती जमीन उचलावी लागली. एक पायरी राहिली. जुना सन्कचा खड्डा हलक्या ए.ए.सी. ब्लॉकच्या तुकड्यांनी भरला, त्यावर कपाट आहे. ही पश्चिमेची जागा पहिल्या दिवशी कागदावर सरकवली असती तर? एक खोडरबर.

"तुम्ही फी मिळावी म्हणून सांगता." हो, फी घेतो. पण तुमच्या रागातही तथ्य आहे. आमच्यातले बरेच जण मंजुरीचा नकाशा हातात देऊन मोकळे होतात. सेंटर लाइन, कॉलम, फुटिंग, बीम आणि स्लॅबच्या सळईची ड्रॉइंग, दार-खिडक्यांचं मापपत्रक, विजेचे आणि पाण्याचे पॉइंट, हे देतच नाहीत. मग नकाशाला पैसे कशाला, असं वाटणारच. त्या पोकळीत नऊ इंची कॉलम येतो, कारण तो भिंतीत लपतो. भूकंपरोधक तपशिलांच्या आय.एस. १३९२० या मानकाच्या २०१६ च्या आवृत्तीत कॉलमची किमान बाजू ३०० मिलिमीटर सांगितली आहे, म्हणजे साधारण बारा इंच. मग नऊ इंची भिंतीतून खोलीच्या कोपऱ्यात येणारं कॉलमचं तीन इंचांचं नाक कुणालाच आवडत नाही. किल्लारी आणि कोयना याच राज्यात आहेत, एवढंच म्हणतो.

पूर्वी मी सांगायचो, नळाच्या कंपनीपर्यंत सगळं ठरल्याशिवाय ठेकेदाराला फोन करू नका. आता तसं म्हणत नाही. जे काँक्रीटमध्ये जातं ते आधी ठरलंच पाहिजे: सन्क, पंख्यांचे बॉक्स, स्लॅबमधले पाइप, वरच्या टाकीची जागा. हजार लिटर पाणी म्हणजे एक टन वजन, ते कॉलमवरच बसवावं. वर मजला चढवायचा असेल तर फुटिंग आजच तेवढं. जे भिंतीत जातं ते गिलाव्याआधी ठरलं तरी चालतं: एसीच्या पाण्याचा पाइप, इन्व्हर्टरची वेगळी वायर, ओट्यावरचे १६ अँपिअरचे पॉइंट. टाइल आणि रंग नंतर. असं मी मला समजावतो, आणि लगेच आठवतं की टाइल दहा मिलिमीटर, ग्रॅनाइट अठरा, शहाबादी पंचवीसच्या वर, आणि दाराच्या चौकटी तर आधीच बसलेल्या असतात. मग फरशी खरंच नंतरची गोष्ट आहे का? या वादात मी दर घरागणिक बाजू बदलतो.

तेव्हा पुढच्या वेळी विचाराल, तर मी दोन आकडे सांगेन. एक सांगाड्याचा: पाया, काँक्रीट, भिंती, गिलावा. ड्रॉइंग असतील तर तो फार हलत नाही. स्क्वेअर फुटाला सिमेंट ०.४ पोतं आणि स्टील साडेतीन ते साडेचार किलो, या अंदाजाशी ताडून ठेकेदाराचा हिशेब तुम्हीही तपासू शकता. दुसरा आकडा फिनिशिंगचा, आणि तो पूर्णपणे तुमच्या हातात आहे. टाइलचा मूळ दर फुटाला किती धरला, दरवाजे फ्लशचे की सागवानी, वायर आणि नळ कुठल्या कंपनीचे, हे लिहून आणा. सोबत 'क' प्रत आणि खड्ड्यांचे फोटोही आणा. पैसे टप्प्याने द्या, जोतं, स्लॅब, वीटकाम, गिलावा, आणि शेवटचा हप्ता भोगवटा प्रमाणपत्र हातात आल्यावर.