किंमत वसूल, पुस्तक परत

तालुक्याच्या गावातील एका सार्वजनिक ग्रंथालयात मी ग्रंथपाल आहे. महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालये अधिनियम, 1967 खाली मान्यता मिळालेले आमचे ग्रंथालय ‘ब’ वर्गात मोडते. म्हणजे पुस्तके थोडीफार, कर्मचारी मोजके आणि नोंदवह्या मात्र ‘अ’ वर्गाइतक्याच. सकाळी मुक्तद्वार विभागात वर्तमानपत्रे शिक्के मारून लावणे, वाचकांच्या सह्यांची वही उघडून ठेवणे आणि आदल्या संध्याकाळी परत आलेली पुस्तके कपाटांत लावणे, यांत पहिला तास जातो.

अशाच एका सकाळी पन्नाशीचे एक गृहस्थ रिक्षातून पुस्तकांची दोन पोती घेऊन आले. त्यांचे वडील आमचे जुने सभासद होते आणि नुकतेच वारले होते. “मॅडम, घर विकायला काढलंय. यातल्या काहींवर तुमचे शिक्के दिसतात, म्हणून रद्दीवाल्याला द्यायला मन होईना,” असे ते म्हणाले. पोच लिहून दिल्यावर ते गेले आणि मी व सहायकाने टेबलावर पोती मोकळी केली.

नुसता शीर्षकपानावरचा शिक्का पाहून पुस्तक आपले मानता येत नाही. प्रत्येक ग्रंथालयाचे एक ठरावीक आतले पान असते, त्यावरही शिक्का आणि दाखल क्रमांक, म्हणजे नोंदवहीतला त्या पुस्तकाचा क्रमांक, असावा लागतो. बाहेरचे पान फाटले तरी ते पान ओळख सांगते. त्या कसोटीला काही पुस्तके उतरली, काही घरची निघाली आणि तीन एका शाळेची होती. शाळेची पुस्तके पत्रासह पाठवली, तर मुख्याध्यापकांनी ती केव्हाच निर्लेखित झाल्याचे, म्हणजे नोंदीतून कमी केल्याचे कळवून आम्हालाच ठेवून घ्यायला सांगितले. ती देणगी म्हणून नव्या क्रमांकांनी दाखल झाली.

आमच्या पुस्तकांपैकी बहुतेक संगणकात सापडली नाहीत, कारण संगणकीकरण झाले तेव्हा फक्त हयात पुस्तकांच्या नोंदी केल्या गेल्या होत्या. म्हणून जुन्या बांधीव दाखल नोंदवह्या काढल्या. लेखक, शीर्षक, प्रकाशक, बिल क्रमांक, किंमत हे सारे जुळवत गेलो, तेव्हा शेऱ्याच्या रकान्यात बहुतेक ठिकाणी ‘गहाळ, निर्लेखित’ असे लिहून कार्यकारी मंडळाच्या ठरावाचा क्रमांक दिलेला होता. एका चरित्रग्रंथापुढे मात्र निराळा शेरा होता: ‘सभासदाकडून हरवले, किंमत वसूल’, पुढे पावती क्रमांक आणि 2009 हे साल. पावतीपुस्तक काढले, तर त्यावर नाव निघाले गावातल्या एका निवृत्त शिक्षिकेचे. त्या आजही आमच्या सभासद आहेत.

हे कसे घडले असावे, याचा अंदाज करणे अवघड नव्हते. तेव्हा कार्डांची पद्धत होती. पुस्तक देताना त्यातले कार्ड काढून सभासदाच्या कार्डाबरोबर तारखेच्या क्रमाने लावत आणि पुस्तक परत आले की ते पुन्हा आत घालत. गर्दीच्या वेळी परत आलेली पुस्तके टेबलावर साचत. कार्ड आत जाण्याआधी त्यांतले एखादे कोणी नोंद न करता उचलून नेले, तर ते आधीच्या सभासदाच्या नावावरच राहत असे. तेव्हाच्या ग्रंथपालांनी नियमाप्रमाणे किंमत वसूल केली. त्यांच्यापुढे जी कार्डे होती, ती तेच सांगत होती.

संध्याकाळी बाई पुस्तक बदलायला आल्या, तेव्हा मी त्यांना हे सांगितले. त्या क्षणभर थांबून म्हणाल्या, “मी तेव्हाही सांगत होते, पुस्तक दिलंय म्हणून. कुणाकडे निघालं गं?” नाव सांगता येणार नाही, असे मी म्हटले, आणि त्यांना ते आवडले नाही. त्यांची बाजू खरी होती, हे मला कळत होते. तरीही कोणत्या सभासदाकडे कोणते पुस्तक होते, हे दुसऱ्या सभासदाला सांगणे ग्रंथालयाचे काम नव्हे. त्यातून ज्यांच्याबद्दल बोलायचे ते खुलासा करायला हयात नव्हते, आणि त्यांनी ते जाणूनबुजून नेले की टेबलावरून सहज उचलले, हे कोणत्याच वहीत नव्हते. हे मी बाईंना जमेल तितक्या आदराने सांगितले. “बरं, पण मग तो शेरा खोडून टाक,” त्या म्हणाल्या.

तेही तसे करता येत नव्हते. दाखल नोंदवहीत खाडाखोड चालत नाही. जुने लिखाण वाचता येईल अशी एकच रेघ मारून लाल शाईने नवा शेरा, तारीख आणि सही करावी लागते. वहीत आधी काय लिहिले होते हे झाकले, तर तपासणीच्या वेळी उरलेल्या नोंदींवरही कोणी विश्वास ठेवणार नाही, असे माझे मत आहे. मी नवा शेरा लिहिला: ‘पुस्तक परत प्राप्त, सभासदाची जबाबदारी नाही’. पुस्तक ज्यांच्या घरून परत आले, त्यांच्या नावाचा उल्लेख केला नाही.

पैशांचा प्रश्न कार्यकारी मंडळापुढे गेला. त्या वर्षाचे लेखापरीक्षण पूर्ण झाल्याने जुन्या हिशेबाला हात लावता येणार नाही, अशी कोषाध्यक्षांची हरकत होती आणि ती बरोबरही होती. शेवटी चालू वर्षाच्या खर्चात दाखवून, जुन्या पावतीचा संदर्भ देत रक्कम परत करण्याचा ठराव झाला. बाईंनी व्हाउचरवर सही केली, पैसे मोजून पर्समध्ये ठेवले आणि नोंदवहीच्या त्या पानाची झेरॉक्स मागितली. ग्रंथालयाचा शिक्का व माझी सही करून ती मी त्यांना दिली आणि दिल्याची नोंद जावक वहीत केली.