निळ्या पेट्रोलखालचं पाणी

विमानांची देखभाल हा माझा पेशा. रात्रभर मुसळधार पाऊस पडून गेला होता आणि आमच्या प्रशिक्षण संस्थेची दोन सेसना १७२ विमानं उघड्यावर उभी होती. एक १९७९ सालचं ‘एन’ मॉडेल, दुसरं नव्या पिढीतलं ‘एस’.

कॅडेटनं जुन्या विमानाच्या पंखांखालून इंधनाचे नमुने काढून दाखवले. स्वच्छ, निळे. एव्हगॅसचा, म्हणजे अशा लहान विमानांच्या पेट्रोलचा, रंगच निळा. पाणी असलं तर ते जड म्हणून तळाशी बसतं. तरी मला राहवेना. उजव्या टाकीची कॅप काढली, तर तिचं रबर कडक होऊन चिरलेलं. मग पंखांची टोकं धरून विमान हलवलं, शेपटी खाली दाबून धरली, जरा थांबलो आणि पुन्हा ड्रेन, म्हणजे नमुना काढायची तळाची झडप, उघडली. निम्मा कप पाणी! उड्डाणात नाक वर होताच हे पाणी इंजिनाकडे गेलं असतं, तेही धावपट्टी संपता संपता.

पोराचा चेहरा उतरला. “सर, मी नीट बघितलं होतं.” बघितलंच होतं त्यानं. पण या विमानाला नमुना घ्यायच्या जागाच तीन: प्रत्येक पंखाखाली एक आणि इंजिनापाशी गाळणीची एक. शेजारच्या ‘एस’ला तेरा.

“एवढा फरक का?”

टाकी रिकामी करता करता सांगत गेलो. १७० या शेपटीला चाक असलेल्या विमानाला पुढे चाक देऊन १७२ घडलं. पहिलं उड्डाण १९५५ सालचं. १९६० मध्ये शेपटी तिरकी झाली, १९६३ मध्ये मागे काच आली, १९६८ मध्ये सहा सिलिंडरच्या कॉन्टिनेंटल इंजिनाच्या जागी चार सिलिंडरचं लायकॉमिंग इंजिन बसलं. पुढे अमेरिकेत अपघातांच्या भरपाईचे दावे इतके वाढले, की १९८६ मध्ये उत्पादनच थांबलं. अठरा वर्षांहून जुन्या विमानासाठी उत्पादकावर दावा नाही, असा कायदा १९९४ मध्ये झाला, तेव्हा कुठे १९९६ मध्ये कॅन्ससमधल्या इंडिपेंडन्स इथे काम पुन्हा सुरू झालं. नव्या विमानात फ्युएल इंजेक्शन आलं आणि प्रत्येक पंखाखाली पाच, पोटाखाली तीन ड्रेन आले. मला तरी हे त्या दाव्यांतून आलेलं शहाणपण वाटतं. पण आजवर बनलेल्या ४४ हजारांहून जास्त १७२ पैकी बहुतेक जुन्या घडणीचीच आहेत.

दोन्ही कॅपची रबरं बदलली, गाळणी उघडून धुतली, पूर्ण शक्तीवर इंजिन चालवून पाहिलं. दुपारी सही केली आणि इन्स्ट्रक्टर कॅडेटला घेऊन सर्किटला, म्हणजे धावपट्टीभोवती फेऱ्या मारायला, गेले.