झिनियाची दुसरी पेरणी

१२ ऑक्टोबर

परतीचा पाऊस थांबला की झिनियाची दुसरी पेरणी करायची, असे जूनमध्येच ठरवून मी अर्धे बी डब्यात राखून ठेवले होते. ते आज अंगणातल्या वाफ्यात पेरले. पुण्यात झिनिया पावसाळी फूल म्हणून लावतात आणि ते उगवतेही उत्तम, परंतु सततच्या पावसात पानांवर तपकिरी ठिपके पडतात व झाड खालून वर वाळत जाते. माझ्या मते या फुलाचा खरा बहर पाऊस सरल्यानंतरच्या उन्हातच पाहावा.

बी घरचेच आहे. ते चपटे, बाणाच्या टोकासारखे असून बहुतेक बियांना वाळलेली पाकळी अजून चिकटलेली आहे, कारण झिनियाची प्रत्येक पाकळी हे एक स्वतंत्र मादी फूल असते आणि ती गळून न पडता बी धरून कागदासारखी वाळते. पराग असतो तो मधल्या बारीक पिवळ्या फुलांत, आणि तो फुलपाखरे व मधमाश्या वाटेल तिथे नेतात. त्यामुळे गुलाबी फुलाचे बी गुलाबीच उमलेल याची खात्री देता येत नाही. मला ही अनिश्चितता आवडते. ज्यांना ठरावीक रंग हवा असेल त्यांनी विकतचे पाकीट आणावे.

मुळे दुखावलेली या रोपाला मानवत नाहीत, म्हणून बी थेट वाफ्यात, पाव इंच खोल आणि वीतभर अंतरावर टाकले. या उबेत आठवड्याच्या आत कोंब दिसतील. पानांच्या तीन-चार जोड्या आल्या की शेंडा खुडायचा. पाने समोरासमोर असल्यामुळे खुडलेल्या जागेखालून दोन फांद्या फुटतात आणि फुले वाढतात.

पाण्याचा प्रश्न मात्र दर हंगामात नव्याने सोडवावा लागतो. आता दव पडू लागेल, रात्री गार होतील आणि पानांवर भुरी, म्हणजे पांढऱ्या भुकटीसारखी बुरशी, येण्याचा धोका वाढेल. म्हणून पाणी सकाळी आणि फक्त बुंध्याशी. २०१६च्या जानेवारीत आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकात झिनिया फुलली, त्या रोपांनाही आधी अति ओलाव्याने बुरशी लागली होती, आणि पुढे पंख्यांच्या वाऱ्याने ती सुकू लागली. तेव्हा तिथले अंतराळवीर स्कॉट केली यांनी पृथ्वीवरून येणाऱ्या वेळापत्रकाऐवजी रोपांकडे पाहून पाणी देण्याची मुभा मागून घेतली. माझ्याकडेही रोजचे ठरलेले पाणी नाही; बोट मातीत खुपसायचे, कोरडे लागले तरच झारी उचलायची.

जुन्या वाफ्यात एका शेंदरी झाडावर ठिपके सर्वांत कमी आहेत. त्याची फुले आई देवासाठी रोज मागते आणि मी तिला शेजारच्या झेंडूकडे पाठवतो, कारण ती बोंडे तपकिरी होऊन देठ वाळेपर्यंत मला झाडावरच हवी आहेत.